चिठ्ठी नसलेला बस्ता

माझं काम नीटनेटकं असतं असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. त्या नीटनेटकेपणानं एका मुलीचं नुकसान झालं. कचेरीतल्या लोकांना त्यातलं निम्मं माहीत होतं, आणि ते निम्मंही ते विसरून गेले. मी विसरलेले नाही.

वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस होते. लोक आपलं गाऱ्हाणं मराठीत नाहीतर कानडीत सांगत आणि वडील ते उर्दूत उतरवून देत, कारण निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. मी शाळा उर्दूतूनच शिकले होते, त्यामुळे घरी कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. कचेरीची उर्दू छापील पुस्तकासारखी नसते. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले, अक्षरात अक्षर गुंतलेलं, ओळ उताराला लागल्यासारखी. त्या लिखाईला शिकस्ता म्हणतात. चांगली शिकलेली माणसंही ती हातात घेतल्यावर चष्मा पुसत बसत. मला ती वडिलांची बोलणी खाऊन वाचता यायला लागली.

लग्नानंतर दीड वर्षात नवरा टायफॉइडनं गेला आणि मी परत माहेरी आले. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्यानंतरची ही गोष्ट. कचेरीत मद्रासकडचे, मुंबईकडचे अधिकारी आले होते. त्यांना इंग्रजी उत्तम येई आणि कपाटं मात्र उर्दूनं भरलेली. जुने कारकून काही निवृत्त झाले, काही हैदराबादला निघून गेले. उर्दू वाचणारं आणि मराठी, कानडी लिहिणारं माणूस हवं होतं. वडिलांनी माझं नाव सांगितलं. साहेबांनी मला एक कागद वाचायला दिला. मी तो उभ्याउभ्या मराठीत सांगितला. दुसऱ्या दिवसापासून मी नकला आणि तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करायला हंगामी कारकून म्हणून लागले. कचेरीत बाई म्हणून मी एकटीच होते.

रेकॉर्डच्या खोलीत एक म्हातारे मुन्शी होते. पांढरी दाढी, शेरवानीची दोन बटणं कायम उघडी. पहिल्या आठवड्यातच म्हणाले, "क्या अम्मा, आज बी टैम पे? घड़ी तुमारे कू देख के चलती क्या?"

"घड्याळ बंद आहे मुन्शीजी," मी म्हटलं.

"बंद हैच. चार साल से. मैं तो धूप देख के घर जातूं."

त्यांच्याकडून मी ती खोली शिकले. खटल्याचे कागद कापडात बांधलेले असत, त्या गाठोड्याला बस्ता म्हणायचं. प्रत्येक बस्त्याला जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं ओवलेली, चिठ्ठीवर साल आणि नंबर. तोच नंबर फेहरिस्तीत, म्हणजे यादीच्या मोठ्या चोपडीत. कुणाचा खटला शोधायचा तर आधी चोपडी, मग चिठ्ठी, मग बस्ता.

कोपऱ्यातल्या सगळ्यात खालच्या फळीवर एका बस्त्याला चिठ्ठीच नव्हती. मी विचारलं.

"उसमें कुछ नै. चूहों का माल है."

"मग चिठ्ठी का नाही?"

"नै है तो नै है. सब कू नाम देनाच क्या?"

मला ते आळशीपणाचं उत्तर वाटलं. अशी उत्तरं ते इतर बाबतीतही देत. कुणाला नोकरी लागायची असली की चालचलणुकीच्या दाखल्यासाठी नावं तपासायला येत. शिपाई दारातूनच नाव ओरडायचा. मुन्शी फेहरिस्तीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "नै." मी शेजारी बसून बघे, आणि चोपडीत खरोखरच ते नाव नसे.

वर्षभरानं त्यांची पेन्शन झाली. मुलाकडे हैदराबादला निघाले. किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाले, "वो कोने वाला वैसाच रहने दो अम्मा. लिखना नै, जलाना नै."

"का?"

"बूढ़े की बात है. रख लो."

मी मान हलवली. आपण नियमाबाहेर काही ठेवलंय, हे सरकारी माणूस तोंडानं कसं सांगणार, एवढं न कळण्याइतकी मी तेव्हा लहान नव्हते. पण तो विचार मनात आलाच नाही.

चारेक वर्षांनी हैदराबाद राज्य मोडणार असं ठरलं. कुठलं गाव म्हैसूरकडे जाणार, कुठलं मुंबईकडे, कुठलं आंध्राकडे, याचीच सगळीकडे चर्चा. वरून हुकूम आला की जुन्या सगळ्या कागदांची यादी मराठीत आणि कानडीत तयार करा. गाव कुठंही गेलं तरी कागद सापडला पाहिजे. छापील फॉर्म आले. नंबर, साल, गाव, आरोपीचं आणि बापाचं नाव, गुन्हा. पाच रकाने. निकालाचा रकाना नव्हता. तो का नाही, हे मला कुणाला तरी विचारता आलं असतं.

चार महिने मी ते काम केलं. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातला बस्ता सोडला. आत चौदा खटले होते आणि चौदाही पोरांचे. कुणी साहेबाच्या बागेतले पेरू तोडले होते. एकानं रेल्वेचा कंदील फोडला होता. दोघा भावांनी शेळी विकली होती, ती शेळी त्यांच्याच आत्याची निघाली. प्रत्येकाच्या शेवटी मुन्सिफाचा, म्हणजे तालुक्याच्या न्यायाधीशाचा, हुकूम: समज देऊन सोडलं.

एक खटला मुडबीकडच्या मुलीचा होता. वय अकरा. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत रिकाम्या पडलेल्या घरांतून लोकांनी सामान उचललं, त्यातला. मुलीच्या मामानं एक पितळी घंगाळ तिच्या डोक्यावर ठेवलं आणि "धर, मी आलोच" म्हणून आणखी काही आणायला गेला. शिपाई आले तेव्हा सगळे पळाले. ही उभी राहिली, कारण मामानं थांबायला सांगितलं होतं. जबाबाखाली तिचा अंगठा होता, शाईचा थेंब सांडल्याएवढा. हुकूम चांगला लांब होता. मुलीला घर कुणाचं हे माहीत नव्हतं, ती मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून उभी होती, तिला समज देऊन आईच्या हवाली करावं, आणि हा कागद पुढं कुठल्याही कामात तिच्याविरुद्ध धरू नये.

मी ते सगळं वाचलं आणि मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, मुन्शींनी केवढी मोठी चूक करून ठेवली होती! चौदा खटले यादीबाहेर! मी हेडक्लार्कना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "शाब्बास बाई. तुम्ही होता म्हणून सापडलं." मी चौदा ओळी लिहिल्या. मुलीच्या ओळीत गुन्ह्याच्या रकान्यात जुन्या कागदावर होतं तेच लिहिलं: लूट.

नंतर दोन आठवड्यांनी एक बाई आणि तरुण मुलगी रेकॉर्डच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईच्या हातात पिशवी, मुलीच्या हातात गुंडाळलेला फॉर्म.

"दाढीवाले मुन्शी कुठं हायत?" बाईनं विचारलं.

"गेले हैदराबादला. काय काम होतं?"

"आमी मुडबीहून आलाव. त्यांनी सांगितलं होतं, पोरीला कवा काय लागलं तर माझ्याकडं ये म्हणून."

मी ओळखलं. मुलगी एकोणीस वर्षांची असेल. अंगठा उठवणारी राहिली नव्हती. फॉर्मवर तिची सही ठसठशीत होती. गुलबर्ग्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती. त्यांच्या घरात तोवर कुणी चौथीपुढं गेलेलं नव्हतं. आता फक्त चालचलणुकीचा दाखला हवा होता.

"अक्का," मुलगी म्हणाली, "मुन्शी चाच्यानं मायला सांगितलं होतं, तुझ्या पोरीचं नाव चोपडीत न्हाई. आता नवी चोपडी झालीय म्हणं. त्यात हाय का?"

"आहे," मी म्हटलं. मी खोटं बोलत नसे.

तिच्या आईनं पदर तोंडाशी नेला. मुलीनं हातातला फॉर्म आणखी गुंडाळला. मग हळू म्हणाली, "तेवढं काढता न्हाई येणार?"

"सरकारी यादी आहे. एक नाव काढलं की तेरा जण येऊन उभे राहतील."

"त्यांचीबी काढा की!"

"गप, भवाने!" आई म्हणाली. "बाई, हिचं तोंड तेवढं वाईट हाय. तुमी मनावर घेऊ नका."

मी त्यांना समजावलं. हुकुमातच लिहिलंय, हा कागद तुमच्याविरुद्ध धरता येणार नाही. कायदा तुमच्या बाजूनं आहे. घाबरू नका. मुलगी माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या टेबलावरच्या फॉर्मांकडे बघत होती. यादीवर अजून साहेबांची सही व्हायची होती. त्या पानावर पंचवीस ओळी होत्या, आणि पान पुन्हा लिहायला मला अर्धा तास लागला असता. हे मला त्या क्षणीही माहीत होतं.

त्या गेल्यावर मात्र मला चैन पडेना. मी नियमांचं पुस्तक काढलं. मुलांचे समज देऊन मिटवलेले खटले काही वर्षांनी नष्ट करावेत असा नियम निघाला, आणि ती वर्षं कधीच उलटून गेली होती. मला एकदम हलकं वाटलं. यादीत खोटेपणा करायचा नाही आणि मुलीचंही भलं होणार, असा सरळ मार्ग सापडला म्हणून. हेडक्लार्ककडून मंजुरी घेतली. दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या मागं शिपायाला घेऊन मी चौदाही खटले जाळले, राख पाण्यानं विझवली, आणि नष्ट केल्याच्या पत्रकावर दोघांच्या सह्या घेतल्या. मुडबीला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरकडून निरोप धाडला: कागद गेले, काळजी करू नका.

यादी मात्र कायमची. ती कधीच नष्ट करायची नसते. हेही त्याच पुस्तकात होतं, पुढच्याच पानावर.

महिन्याभरानं मुलगी परत आली. या वेळी एकटीच, आणि हसत.

"अक्का, झालं काम! ट्रेनिंगवाल्यांनी नाव यादीत हाय म्हणून अडवलं होतं. मी म्हणलं, मला समज देऊन सोडलंय, मी काय चोरटी न्हाई. तर म्हणले, मग निकालाची नक्कल आण. पंधरा दिवसात आणली की घेतो." तिनं पत्र पुढं केलं. "नुसती नक्कल मागायलेत बगा. आन् त्यात सगळं लिवलंय न्हवं? तुमीच सांगितलं होतं."

"हो. लिहिलेलं होतं."

"तर मग द्या की लिहून. मी बसते भायेर. दुपारच्या मोटारीनं जाते."

मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आज होणार नाही. मी कळवते."

"कवा?"

"कळवते म्हटलं ना."

ती जरा चपापली. "निरोपात तुमी म्हणलात कागद गेले म्हणून. कुठं गेले? गुलबर्ग्याला का?"

"बघते," मी म्हटलं, आणि फायलीत डोकं घातलं. ती पत्र उचलून गेली.

मी सरळ साहेबांकडे गेले. साहेब मद्रासकडचे, सभ्य गृहस्थ. मी सगळं सांगितलं: हुकूम मी स्वतः वाचलेला आहे, शब्दन् शब्द सांगते, माझ्या सहीनं तसा दाखला द्यावा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, कागदाची नक्कल देता येते. आठवणीची नक्कल मी कशी देऊ?"

"पण लूट म्हणजे खरी लूट नव्हती, साहेब."

"असेल. यादीत काय लिहिलंय?"

"लूट."

"कोणी लिहिलंय?"

त्यांना माहीतच होतं.

मुन्शींना पत्र घातलं. हा कागद वाचलेलं दुसरं माणूस तेच होतं. आठव्या दिवशी कार्ड आलं, थरथरत्या शिकस्त्यात. पहिल्यांदाच मला त्यांचं अक्षर लावायला वेळ लागला. लिहिलं होतं की त्यांची साक्ष कुणी घेत असेल तर ते येतील, पण पेन्शनीतल्या माणसाच्या बोलण्याला आता कोण विचारतो. आणि खाली: ती मुलं फेहरिस्तीत नव्हती म्हणून त्यांना कुणी धरत नव्हतं, आणि कोणी धरलंच असतं तर सोडवायला हुकूम फळीवर होता. तेवढ्यासाठी त्यांनी तो ठेवला होता. मला त्यांनी एका अक्षरानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यांचं कार्ड घेऊन मी पुन्हा साहेबांपुढं गेले नाही. गुलबर्ग्याच्या ट्रेनिंगच्या कचेरीला मात्र मी माझ्या नावानं अर्ज केला. त्याचं उत्तर आलं नाही. पंधरा दिवस संपायला दोन दिवस उरले तेव्हा मी रजा टाकली आणि मोटारीनं मुडबीला गेले.

आई आणि मुलगी ओसरीवर तूर भरडत बसल्या होत्या. जात्याची खुंटी दोघींच्या हातात. मला बघून मुलगी उठली, हातावरची चुरी झटकली.

"आणली का?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. यादी, जाळलेले कागद, साहेब काय म्हणाले ते, मुन्शींचं कार्ड. काही वगळलं नाही. आईला निम्मं कळलं नाही. ती मुलीकडं बघत होती.

"जाळले?" मुलगी म्हणाली. "तुमी?"

"हो. तुझ्याच भल्यासाठी."

"आन् ती ओळ?"

"ती तशीच आहे."

"काय लिवलंय त्यात? मला म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवली. नंबर, साल, मुडबी, तिचं नाव, बापाचं नाव, लूट.

"घंगाळ न्हाई लिवलं?"

"त्याला रकाना नव्हता."

"मामा बी न्हाई?"

"नाही."

ती हसली, पण ते हसणं मला ऐकवलं नाही. "म्हणजे वाचणाराला वाटंल, मी एकटीनं आख्खं घर लुटलं."

आई म्हणाली, "पानी द्यावं का बाईला?"

मग मुलगी खाली बसली. जात्याची खुंटी धरली, पण फिरवली नाही. "अक्का, मी पहिल्यांदा आले त्या दिशी कागद तुमच्या फळीवर होते न्हवं?"

"होते."

"तवाच नक्कल दिली आसती तर?"

नकला करणं हे माझं काम होतं. त्याचाच पगार मला मिळत होता. मागेल त्याला, एक अर्ज आणि एक स्टँप लावला की, मी रोज दहा-बारा नकला लिहून देत होते: जमिनीच्या, वाटणीच्या, भांडणाच्या. त्या दिवशी त्या दोघी माझ्या टेबलासमोर अर्धा तास उभ्या होत्या, आणि मी त्यांना कायदा समजावून सांगत होते.

"आमाला ठावंच नव्हतं, नक्कल मिळती म्हणून," ती म्हणाली. "तुमाला ठाऊक होतं."

"हो," मी म्हटलं.

ती भरडायला लागली. आईनंही खुंटीला हात लावला. मोटारीच्या वेळेपर्यंत तिथं उभं राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी फाट्यावर येऊन बसले. तिची ट्रेनिंगची जागा निवडयादीतल्या पुढच्या मुलीला गेली. पुढच्या सालीही तिनं अर्ज केला होता, असं मला नंतर कळलं. तोवर आमची यादी नव्या राज्याच्या कचेरीत पोचली होती, दोन्ही भाषांत, माझ्या स्वच्छ अक्षरात.